वाचकाच्या मनात नेमकं काय हललं? व्हीसीई इंग्रजीच्या सेक्शन सीसाठी सविस्तर मार्गदर्शक

मेलबर्नमध्ये बारावीचं मूल असलेल्या घरांत सप्टेंबरच्या सुमारास एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘सगळ्या टेक्निक्स शोधल्या, कोटेशन्स दिली, तरी आर्ग्युमेंट अ‍ॅनालिसिसमध्ये मार्क अडकलेलेच.’ निबंध हातात घेतला की कारण पहिल्याच परिच्छेदात सापडतं. लेखकानं काय केलं, ते मुलानं बरोबर ओळखलेलं असतं. त्यामुळे वाचकाचं काय झालं, ते मात्र कुठे नसतं, किंवा ‘मेक्स द रीडर फील इमोशनल’ एवढ्यावर उरकलेलं असतं. हा लेख त्या राहून गेलेल्या अर्ध्या भागाबद्दल आहे.

व्हीसीई म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याची बारावी. तिच्या इंग्रजीचा लेखी पेपर तीन तासांचा, आणि त्याआधी १५ मिनिटं फक्त वाचायला. तीन विभाग, प्रत्येकी २० गुण. सेक्शन ए आणि बीची तयारी वर्षभर करता येते. सेक्शन सीमध्ये, म्हणजे आर्ग्युमेंट अ‍ॅनालिसिसमध्ये, मात्र कधीही न पाहिलेला मजकूर समोर येतो: एखादा लेख, भाषण किंवा पत्र, सोबत चित्र किंवा फोटो, आणि वर चौकटीत थोडी पार्श्वभूमी. शाळेतही युनिट ४ मध्ये याच कौशल्याचा सॅक, म्हणजे शाळेनंच घ्यायची गुणांची चाचणी, होतो. त्यासाठी आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरनंतर माध्यमांत आलेला विषय घेतात. ईएएलचा, म्हणजे इंग्रजी जादाची भाषा म्हणून शिकणाऱ्यांचा, पेपर वेगळ्या घडणीचा आहे, पण पुढच्या बहुतेक गोष्टी त्या मुलांनाही उपयोगी पडतील.

प्रश्न काय विचारतो हे नीट पाहा. लेखकाचं मत तुम्हाला पटतं का, असं तो विचारत नाही. लेखन चांगलं आहे का, असंही नाही. इतरांना आपल्या मताकडे वळवण्यासाठी युक्तिवाद, भाषा आणि दृश्यं कशी वापरली आहेत, एवढंच त्याला हवं असतं.

इथे महाराष्ट्रात शिकलेल्या आई-बाबांसाठी एक सूचना. आपण शाळेत कवितेचं रसग्रहण लिहिलं: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं. ती सवय इथे अर्धीच कामाची. शब्दाजवळ थांबायला रसग्रहण शिकवतं आणि ते फार मोलाचं आहे. पण त्यात दाद द्यायची असते. ‘कवीने किती समर्पक शब्द योजला आहे’ असं म्हणायचं असतं. सेक्शन सीमध्ये दाद दिली की गुण मिळत नाहीत. आणि ‘अलंकार ओळखा’ची सवय तर थेट नडते, कारण तिथे नाव सांगितलं की काम संपायचं. इथे नाव सांगितल्यावर काम सुरू होतं.

सरावासाठी एक उतारा

पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच उताऱ्यावर करू. तो मी सरावासाठी रचला आहे. समजा, मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरातल्या काउन्सिलनं खर्च वाचवण्यासाठी लायब्ररी जुलैपासून रात्री आठऐवजी संध्याकाळी पाचला बंद करायचं ठरवलं आहे. दोन मुलांची आई असलेली, रात्रपाळी करणारी एक नर्स स्थानिक वृत्तपत्रात लिहिते:

‘लास्ट ट्यूजडे नाइट आय काउंटेड थर्टी-वन टीनएजर्स हंच्ड ओव्हर देअर बुक्स इन अवर लायब्ररी. फ्रॉम जुलाय, दे विल बी ऑन द फुटपाथ बाय फाइव्ह. द काउन्सिल कॉल्स धिस अ सेव्हिंग. आय कॉल इट अ टॅक्स ऑन एव्हरी फॅमिली विदाउट अ स्पेअर रूम. टू बी फेअर, अवर काउन्सिलर्स हॅव नो ईझी चॉइसेस, अँड नोबडी वॉन्ट्स हायर रेट्स. बट नोबडी इज आस्किंग फॉर अ पॅलेस, आयदर. वी आर आस्किंग देम टू लीव्ह द लाइट्स ऑन.’

आता एकदा मोठ्यानं वाचा. खरंच. कुठे आवाज चढतो आणि कुठे उतरतो, हे कानाला आधी कळतं.

पायरी १ : चौकट वाचा आणि वाचक ठरवा

बहुतेक मुलं पार्श्वभूमीची चौकट दोन सेकंदांत ओलांडून लेखाकडे धावतात. चौकटीतच तर कोण लिहितंय, कुठे छापून आलंय, कोणत्या प्रसंगी आणि कोणासाठी, हे दिलेलं असतं. वाचनाच्या १५ मिनिटांतला मोठा वाटा सेक्शन सीला द्या, कारण पेपरातला सर्वांत मोठा अनोळखी मजकूर तोच असतो.

चौकट वाचताना स्वतःला विचारा: हे वाचणारा माणूस कोण आहे, आणि वाचायला बसण्याआधी त्याच्या मनात काय आहे? ‘द रीडर’ नावाचा माणूस जगात कुठेच राहत नाही. आपल्या उताऱ्याचे वाचक त्या उपनगरातले रहिवासी आहेत, आणि त्यांत निदान दोन तट आहेत. एक, शाळा-कॉलेजातली मुलं असलेली कुटुंबं, ज्यांना लायब्ररी हवी आहे. दुसरा, मुलं मोठी होऊन बाहेर पडलेली किंवा मुलंच नसलेली घरमालक मंडळी. ती दरवर्षी रेट्स भरतात, म्हणजे आपली घरपट्टी, आणि ती वाढू नये एवढीच त्यांची इच्छा आहे. पहिला तट आधीच नर्सच्या बाजूचा आहे. तिला खरं जिंकायचंय ते दुसऱ्याला.

एवढं ठरलं की निबंधाची निम्मी लढाई झाली, असं मी मानते. परिणाम लिहिताना ‘रीडर्स’ऐवजी ‘रेटपेअर्स विदाउट स्कूल-एज चिल्ड्रन’ असं लिहिता आलं की पुढचं वाक्य आपोआप नेमकं होतं.

पायरी २ : युक्तिवादाचा सांगाडा काढा

शब्दांना हात लावण्याआधी लेखाची चाल पाहा. प्रत्येक परिच्छेदापुढे, किंवा आपल्यासारख्या छोट्या उताऱ्यात प्रत्येक वाक्यापुढे, लेखक इथे काय करतो आहे ते समासात एका क्रियापदात लिहा. काय म्हणतो ते नको, काय करतो ते. नर्सचं असं दिसेल: साक्ष देते, भीती दाखवते, काउन्सिलचा शब्द नाकारते, स्वतःचा शब्द बसवते, समजूतदारपणा दाखवते, मागणी लहान करते, मागणी करते.

क्रमालाही अर्थ असतो, आणि चांगल्या निबंधात त्यावर बोलावंच लागतं. ‘टू बी फेअर’ हे वाक्य सुरुवातीला आलं असतं तर नर्स मवाळ वाटली असती. ते ‘टॅक्स’ या जळजळीत शब्दानंतर येतं. तोवर रेट्सची काळजी असलेला वाचक थोडा मागे सरकला असण्याची शक्यता आहे: ‘ही बाई फारच तापली आहे.’ नेमक्या त्या क्षणी ती म्हणते की काउन्सिलर्सपुढेही सोपे पर्याय नाहीत. वाचकाच्या मनातला आक्षेप त्यानं उच्चारण्याआधीच तिनं उच्चारला. आता तो तिच्याशी भांडायला उठत नाही, ऐकत बसतो. ‘द रायटर युजेस अ कन्सेशन’ एवढंच लिहिलं असतं तर हे सगळं निसटलं असतं.

पायरी ३ : शब्द बदलून पाहा

आता शब्द. मुलं इथे हायलायटर घेतात आणि सगळा परिच्छेद पिवळा करून टाकतात. त्याऐवजी मोजके, पाच-सहा शब्द निवडा. निवडायची कसोटी सोपी आहे: त्या शब्दाच्या जागी त्याच अर्थाचा सर्वांत बेचव शब्द ठेवा आणि वाक्य पुन्हा वाचा. काही गेलं नाही, तर तो शब्द सोडून द्या. काही गेलं, तर जे गेलं तोच परिणाम. तेच लिहायचं.

‘काउंटेड’ घ्या. त्या जागी ‘सॉ’ ठेवा. ‘मी मुलं पाहिली’ आणि ‘मी मुलं मोजली’. मोजणारा माणूस थांबलेला असतो, त्यानं एकेका चेहऱ्याकडे पाहिलेलं असतं. आणि एकतीस हा आकडा गोल नाही. तिनं ‘अबाउट थर्टी’ म्हटलं असतं तर तो अंदाज झाला असता. एकतीस म्हटल्यावर साक्ष झाली. आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्या, काउन्सिलचा जमाखर्च पाहणाऱ्या वाचकाला हे आवडणारं आहे. म्हणजे भावनिक वाटणारी सुरुवात प्रत्यक्षात त्या दुसऱ्या तटाशी त्याच्याच भाषेत बोलते.

‘हंच्ड’च्या जागी ‘रीडिंग’ ठेवा. वाकलेल्या पाठी गेल्या. मुलं टवाळक्या करत नव्हती, अभ्यासात बुडाली होती, आणि तेही फारशा आरामात नाही, हे सगळं एका क्रियापदात होतं. लायब्ररीत रात्री जमणाऱ्या पोरांबद्दल ज्याच्या मनात थोडी अढी असेल, त्याची ती अढी इथे सैल होते.

‘ऑन द फुटपाथ’च्या जागी ‘आउटसाइड’ ठेवून पाहा. मेलबर्नचा जुलै म्हणजे ऐन हिवाळा, सूर्य सव्वापाचच्या आसपास मावळतो. स्थानिक वाचकाला हे सांगावं लागत नाही. ‘जुलाय’, ‘फाइव्ह’ आणि ‘फुटपाथ’ हे तीन शब्द शेजारी आले की अंधार आणि गारठा त्याच्याच अनुभवातून येतो. लेखिकेनं न लिहिलेली गोष्ट वाचकानं भरून घेतली, हे ओळखून निबंधात मांडता आलं तर तुमचं वाक्य इतरांपेक्षा उठून दिसेल.

आता ‘टॅक्स’, माझ्या मते या उताऱ्यातला सर्वांत धारदार शब्द. काउन्सिल म्हणते ‘सेव्हिंग’, ती म्हणते ‘टॅक्स’. वरवर पाहता ही अतिशयोक्ती आहे, आणि बरीच मुलं ‘हायपरबली’ लिहून पुढे जातील. पण वाचक कोण ते आठवा. रेट्स वाढण्याची धास्ती असलेल्या माणसाला सर्वांत नावडता शब्द कोणता? टॅक्स. नर्सनं त्याचीच भीती उचलली आणि ती लायब्ररी चालू ठेवण्याला न चिकटवता लायब्ररी बंद करण्याला चिकटवली. काटकसरीच्या बाजूनं असलेला वाचक क्षणभर तरी गोंधळतो: मी ज्याला बचत समजत होतो ती दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून निघते आहे का? पुढचे शब्द त्या ‘दुसऱ्या कोणाला’ घर देतात: ‘विदाउट अ स्पेअर रूम’. गरीब, वंचित, अल्प उत्पन्न गट असं काही ती म्हणत नाही. एका खोलीचं नाव घेते. आणि ज्याच्या घरात जास्तीची खोली आहे, तो वाचता वाचता स्वतःच्या त्या खोलीकडे पाहतो.

शेवटचं वाक्य मुद्दाम सावकाश पाहू, कारण त्यात एक गोष्ट दडलेली आहे. ‘लीव्ह द लाइट्स ऑन’. दिवा चालू ठेवायला किती खर्च येतो? नगण्य. पण लायब्ररी आठपर्यंत उघडी ठेवायचा खरा खर्च दिव्यांचा नसतो, तो कर्मचाऱ्यांच्या पगाराचा असतो. नर्सनं सगळा खर्च एका स्विचपुरता करून टाकला. त्यामुळे मागणी इतकी किरकोळ वाटू लागते की ती नाकारणारी काउन्सिल कोत्या मनाची दिसावी. शब्द काय दाखवतात याबरोबरच ते काय झाकतात, हे पाहायची सवय लावा. पण एक पथ्य पाळा: ‘ती वाचकांना फसवते’ असा निवाडा देऊ नका. तो तुमच्या कामाचा भाग नाही. ‘पगाराच्या खर्चापासून लक्ष दूर नेते, त्यामुळे आक्षेप घ्यायला वाचकाला जागा कमी उरते’ असं म्हणा.

पायरी ४ : परिणामाचं वाक्य बांधा

आता सापडलेलं कागदावर आणायचं. परिणाम तीन थरांत लिहा: वाचकाला काय वाटलं, त्यामुळे तो काय समजू लागला, आणि त्यामुळे तो काय करायला किंवा कोणत्या बाजूला झुकायला तयार झाला. पहिल्या थरावर थांबलेले निबंध ढिगानं असतात. ‘वाचकाला वाईट वाटतं.’ बरं, मग? वाईट वाटलं म्हणून काउन्सिलबद्दलचं त्याचं मत कसं बदललं? आणि मत बदललं म्हणून लेखिकेचा हेतू पुढे कसा सरकला? घरी सराव करताना प्रत्येक वाक्यानंतर कोणी तरी ‘मग पुढे काय?’ असं दोनदा विचारलं तरी हे साधतं. त्यासाठी विचारणाऱ्याचं इंग्रजी चांगलं असण्याची गरज नाही. आई-बाबांनी मराठीत विचारावं, मुलानं मराठीत उत्तर द्यावं, आणि विचार पक्का झाला की इंग्रजीत लिहावं.

दुबळं वाक्य असं असतं:

‘द रायटर युजेस इन्क्लुझिव्ह लँग्वेज सच अ‍ॅज “अवर” टू मेक द रीडर फील इन्क्लुडेड.’

यात चूक काहीच नाही, पण हे वाक्य जगातल्या कुठल्याही लेखाला लागू पडतं. तीच त्याची अडचण. आता हे पाहा:

‘बाय नेमिंग इट “अवर लायब्ररी” बिफोर द काउन्सिल इज ईव्हन मेन्शन्ड, द नर्स इन्व्हाइट्स रेटपेअर्स टू थिंक ऑफ द बिल्डिंग अ‍ॅज देअर ओन, सो दॅट द शॉर्टर अवर्स मे सीम लेस लाइक अ बजेट डिसिजन अँड मोअर लाइक समथिंग टेकन फ्रॉम देम विदाउट देअर कन्सेंट.’

दुसऱ्या वाक्यात ‘इन्क्लुझिव्ह लँग्वेज’ हे नावही नाही, आणि काही बिघडलं नाही. शब्द कुठे आला, कोणासाठी आला, त्यानं आधीचा कुठला समज हलवला आणि त्याचा लेखिकेला काय फायदा, हे चारही त्यात आहे. नाव घालायला हरकत नाही, पण नावावाचून वाक्य उभं राहतं का ते आधी पाहा.

दोन्ही वाक्यांतल्या क्रियापदांवरही नजर टाका. ‘मेक्स’ म्हणजे वाचकाला पर्यायच नाही. कोणताही लेख कोणालाही काहीही वाटायला भाग पाडू शकत नाही, तो प्रयत्न करतो. म्हणून ‘इन्व्हाइट्स’, ‘एन्करेजेस’, ‘सीक्स टू’, ‘मे’ असे शब्द बरे. पण सगळीकडे ‘पोझिशन्स द रीडर टू’ हा एकच साचा वापरू नका. परीक्षकाला तो पानोपानी दिसत असतो. लेखक धीर देत असेल तर ‘रीअशुअर्स’, घाबरवत असेल तर ‘अलार्म्स’, शरमिंदं करत असेल तर ‘शेम्स’, विरोधाची धार काढून घेत असेल तर ‘डिसआर्म्स’, लक्ष वळवत असेल तर ‘डायव्हर्ट्स’. नेमकं क्रियापद सापडलं की निम्मं विश्लेषण त्यातच होऊन जातं. अशा क्रियापदांची स्वतःची यादी करा, दुसऱ्याची पाठ करू नका.

टोनबद्दल थोडक्यात: पूर्ण लेखाला एकच विशेषण लावू नका. आपल्या सात वाक्यांतही स्वर साक्षीदाराचा, मग जाब विचारणारा, मग समजूतदार, मग साधा आर्जवाचा होतो. स्वर कुठे वळला आणि त्या वळणावर वाचक कुठल्या मनःस्थितीत होता, एवढं पकडा.

पायरी ५ : एकाच वाक्याचे दोन श्रोते

हे कौशल्य भाषणांवर फार चांगलं घोटता येतं, आणि ऑस्ट्रेलियात त्यासाठी एक भाषण मला सर्वांत उपयोगी वाटतं. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी कॅनबेऱ्याच्या संसदेत स्टोलन जनरेशन्सची माफी मागितली. सरकारी धोरणाखाली आई-वडिलांपासून तोडून नेलेल्या अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर मुलांच्या या पिढ्या. त्या दिवशी त्यांच्यातले काही जण संसदेच्या गॅलरीत बसलेले होते, आणि मेलबर्नच्या फेडरेशन स्क्वेअरमध्ये लोक पडद्यावर ते पाहत उभे होते.

माफीच्या मजकुरात ‘वी से सॉरी’ हे तीन शब्द लागोपाठ तीन वाक्यांच्या शेवटी येतात. ‘रेपिटिशन फॉर एम्फसिस’ हे सगळेच लिहितील. पण गॅलरीत बसलेल्या वृद्ध बाईसाठी आणि पडद्यावर पाहणाऱ्या, स्वतः काहीच न केलेल्या तरुणासाठी हे तीन शब्द एकच काम करत नाहीत. तिच्यासाठी ते प्रत्येक जखमेची वेगळी नोंद आहेत. दुःखासाठी एकदा, कुटुंबं तोडल्याबद्दल पुन्हा, अपमानासाठी पुन्हा. एका ‘सॉरी’त सगळं गुंडाळलेलं नाही. त्या तरुणासाठी मात्र ‘वी’ हा अवघड शब्द आहे. तो त्याला माफी मागणाऱ्यांत ओढून घेतो. ‘मी कुठे काय केलं?’ हा त्याचा प्रश्न तयारच असतो, आणि भाषणाला त्या प्रश्नातून वाट काढायची असते. म्हणून मधल्या वाक्यात ‘मदर्स’, ‘फादर्स’, ‘ब्रदर्स’, ‘सिस्टर्स’ अशी नाती येतात. धोरण, कायदा, सरकार हे दूरचे शब्द बाजूला राहतात आणि प्रत्येकाच्या घरात असलेले शब्द पुढे येतात.

याला इतिहासाची पार्श्वभूमीही आहे. १९९९ मध्ये जॉन हॉवर्ड पंतप्रधान असताना संसदेनं जो ठराव केला त्यात ‘डीप अँड सिन्सिअर रिग्रेट’ होतं, सॉरी नव्हतं. जी माणसं ‘सॉरी’ शब्दाची वर्षानुवर्षं वाट पाहत होती, त्यांच्या कानाला २००८ मधली ती पुनरुक्ती निव्वळ अलंकार वाटणं शक्यच नव्हतं. श्रोत्याला आधीपासून काय ठाऊक आहे, यावर शब्दाचं वजन ठरतं. परीक्षेत ही माहिती पार्श्वभूमीच्या चौकटीत मिळते, म्हणून मघाशी ती सावकाश वाचायला सांगितलं.

पायरी ६ : चित्र

समजा नर्सच्या लेखासोबत असा फोटो आहे: लायब्ररीच्या बंद काचेच्या दारासमोर पायरीवर शाळेच्या गणवेशातली मुलगी बसली आहे, फोनच्या टॉर्चनं मांडीवरचं पुस्तक वाचते आहे, मागे काचेतून पुस्तकांच्या रांगा अंधुक दिसत आहेत.

फोटोचं वर्णन करण्यात दोन ओळींपेक्षा जास्त घालवू नका, परीक्षकासमोरही तो फोटो आहे. प्रकाश कुठे आहे, कोण कुठे पाहतंय, पुढे काय आणि मागे काय, आणि मुख्य म्हणजे लेखातल्या कुठल्या शब्दाला तो जोडला जातो, हे पाहा. इथे उजेड फक्त मुलीच्या हातात आहे. लेखातल्या शेवटच्या वाक्याला तो फोटो अक्षरशः पुरावा पुरवतो. काचेमागची पुस्तकं दिसतात पण हाताला लागत नाहीत, त्यामुळे वाचकाला हळहळीबरोबर उधळपट्टीचीही भावना होऊ शकते: पैसे खर्चून घेतलेली पुस्तकं कुलपात पडली आहेत. आणि हा मुद्दा पुन्हा त्या काटकसरी वाचकाला भिडतो. चित्रासाठी शेवटी वेगळा परिच्छेद टाकण्यापेक्षा ज्या युक्तिवादाला ते हातभार लावतं, तिथेच ते गुंफा.

पायरी ७ : निबंधाची मांडणी

यावर फार लिहायला नको. प्रस्तावना तीन-चार वाक्यांची: विषय, कोण लिहितंय, मुख्य मत, स्वर आणि वाचक. मधले परिच्छेद लेखाच्या चालीनुसार. ‘पहिला परिच्छेद इन्क्लुझिव्ह लँग्वेज, दुसरा स्टॅटिस्टिक्स, तिसरा रिटॉरिकल क्वेश्चन्स’ अशी टेक्निकवार वाटणी करू नका, कारण मग युक्तिवाद कसा वाढत गेला हे सांगायला जागाच उरत नाही. लेखाचा शेवट कसा केला आहे त्यावर अवश्य लिहा. वेळ संपल्यामुळे अनेकांचं नेमकं तेच राहतं. समारोप एक-दोन वाक्यांत पुरे, तोही वाचक अखेर कुठे पोचावा अशी लेखकाची इच्छा आहे यावर.

कोटेशन लहान ठेवा. एक-दोन शब्द तुमच्या वाक्यात बसतील असे उचला. पूर्ण वाक्य उतरवलं की त्यातल्या कुठल्या शब्दावर तुम्ही बोलताय ते कळत नाही.

सराव कसा करावा

तीन तासांत तीन विभाग, म्हणजे सेक्शन सीला साधारण एक तास. सुरुवातीला घड्याळ लावू नका. आठवड्यातून एक मत मांडणारा लेख घ्या, ‘द एज’ या मेलबर्नच्या वृत्तपत्रातला चालेल, उपनगराच्या वृत्तपत्रातलं वाचकांचं पत्रही चालेल, आणि निबंध न लिहिता फक्त पहिल्या तीन पायऱ्या करा: वाचक, सांगाडा, पाच शब्द. ते अंगवळणी पडलं की रोज एकच परिणामाचं वाक्य लिहा, पण ते तीन थरांचं लिहा. पूर्ण निबंध त्यानंतर. व्हीसीएए या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे पेपर आणि परीक्षकांचे अहवाल मोफत मिळतात; अहवालांत चांगल्या उत्तरांचे नमुने असतात. ते वाचताना वरचढ उत्तरानं वाचकाला काय नाव दिलंय तेवढंच आधी शोधा. बाकी हळूहळू दिसू लागतं.

परीक्षेला इंग्रजीचा किंवा द्वैभाषिक छापील शब्दकोश नेता येतो. मराठी-इंग्रजी शब्दकोश न्यायचा असेल तर तो सरावातही वापरा, नाहीतर परीक्षेत पानं उलटण्यात वेळ जाईल. त्या वर्षीच्या सूचना मात्र शाळेकडून तपासून घ्या.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि निबंधात ‘द रीडर’ किंवा ‘द ऑडियन्स’ जिथे जिथे आलंय तिथे पेन ठेवा. प्रत्येक ठिकाणी विचारा: कोण? उत्तर एका-दोन शब्दांत देता येत असेल तर ते वर लिहून टाका. देता येत नसेल, तर त्या वाक्याचा शेवट पुन्हा लिहा.